घराची पोस्त

१६ ऑक्टोबर १९५६, मंगळवार

सकाळची सातची नाव. तापीवर धुकं. मधल्या धारेत आलो तेव्हा मागे बुऱ्हाणपूर नव्हतं आणि पुढे जैनाबादही नव्हतं. नुसतं पांढरं, आणि नावाडी दगडूकाकांच्या वल्ह्याचा आवाज. कोणी बोलत नव्हतं. एका बाईच्या टोपलीत केळफुलं होती, तीही डोळे मिटून बसलेली. असंच जात राहिलो तर कुठे लागू? एखाद्या अजून नाव न ठेवलेल्या गावाला. मग जैनाबादचं कुत्रं भुंकलं आणि शाळा आठवली.

माझ्या वर्गात मुली आज चौदा. दसऱ्यानंतर एवढ्या येतील असं वाटलं नव्हतं. जून महिन्यात पाच होत्या.

परतताना घाटावर पाहिलं. कापडवाले लाला दगडूकाकांच्या हातात रुपया ठेवू पाहत होते, दिवाळीचा आगाऊ. काकांनी दोन्ही हात मागे घेतले. म्हणाले, "हात भरले, लालाजी. औंदा जागा नही." लाला रागाने पायऱ्या चढून गेले. मला मनातून फार आनंद झाला. रुपया नाकारणारा गरीब माणूस मी पहिल्यांदा पाहिला. नावाडी, पण ताठ.

१८ ऑक्टो., गुरुवार

कोजागिरी. आईने दूध आटवायला ठेवलंय. गच्चीवर चंद्राची वाट पाहत लिहिते आहे.

मन मात्र खट्टू. आज दुसरी नाव होती, हिरामणची. हिरामण हा दगडूकाकांचा पुतण्या, नवाच नावाडी. ओव्हरसियरसाहेबांच्या पत्नी उतरल्या तसे त्याने हात जोडले. "बाईसाहेब, दिवाळीच्या पोस्तीला आपल्याला इसरू नका." बाई हसल्या, "बघू रे," म्हणाल्या. त्या 'बघू'ने माझे कान तापले. उन्हातान्हात, पावसात लोकांना पार नेणारा माणूस, आणि सणाच्या इनामासाठी हात जोडतो. स्वराज्य येऊन नऊ वर्षं झाली. कष्टाचे पैसे मागायचे नसतात, ते मिळायचे असतात. ही पोस्त बंद व्हायला हवी आणि पगार वाढायला हवा. इतकं साधं आहे.

चंद्र आला. एवढा मोठा!

२० ऑक्टो., शनि.

आज माझ्या हातून एक चांगलं काम झालं, असं वाटतंय.

घाटाचे नवे ठेकेदार भेटले. आधीचे नाईकबाबा थकले, त्यांनी यंदा लिलावात बोली लावली नाही. हे खंडव्याकडचे. तिन्ही नावा आणि आठही नावाडी आता यांच्याकडे. स्वतः घाटावर उभे होते, मला थांबवून म्हणाले, "बाईजी, आप पढ़ी-लिखी हैं. एक पाटी लिहून द्या. लोक तक्रार करतात, दिवाळी आली की नावाडी पैसे मागतात."

"पोस्त," मी म्हटलं.

"पोस्त म्हणजे?"

"दिवाळीचं इनाम. आमच्याकडे पोस्त म्हणतात."

"अच्छा, त्योहारी! तीच बंद करायची आहे."

मी म्हटलं, लिहीन, पण तुम्ही पगार वाढवायला हवा. ते म्हणाले, "दिवाळी होऊ द्या, बघू." पुन्हा बघू. पण एका पाटीने सुरुवात तर होईल.

बाबांच्या शिवणाच्या दुकानातल्या खडूने आधी मजकूर जुळवला. "दिवाळीची पोस्त मागू नये. दिवाळीची पोस्त देऊ नये. नावाडी हा कामगार आहे. त्यास पगार मिळतो." खाली तेच हिंदीत. तिसरं वाक्य लिहिताना अंगावर काटा आला.

२२ ऑक्टो., सोम.

पाटी लागली. पिंपळाला, अगदी पायरीसमोर. माझं अक्षर पांढऱ्या रंगात एवढं शोभेल असं वाटलं नव्हतं.

नाव सोडायच्या आधी दगडूकाका म्हणाले, "बाई, आपल्याला वाचता येत नही. वाचून दाखवा."

मी मोठ्याने वाचलं. आठही नावाडी ऐकत होते.

काका म्हणाले, "हे सरकारने लिहिलं का?"

"नाही काका. मी लिहिलं."

ते थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं. अक्षर चांगलं असेल."

आणि वल्हं उचललं.

२४ ऑक्टो., बुध.

नावेत शांतता. पूर्वी काका पाण्याशी बोलायचे, वाऱ्याला शिव्या द्यायचे, केळीवाल्या बायांची थट्टा करायचे. ("एवढी केळी विकते अन् मला एक देत नही, तुझा नवरा कसा जगतो वं?") तीन दिवस झाले, काही नाही. मला "बसा" म्हणतात, "उतरा" म्हणतात. शब्दाला धक्का लागू नये असं.

वाटलं, नवी गोष्ट पचायला वेळ लागतो. लागेल.

शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी नोकरीचा एक फॉर्म दिला. पहिली तारीख आली की आपला नवा मध्य प्रदेश. नागपूर सुटलं, आता राजधानी भोपाळ. तिथल्या कचेऱ्यांत पदवीधर हवेत, बायकासुद्धा. फॉर्म पंधरा नोव्हेंबरपर्यंत पोचायला हवा. मु. बाई म्हणाल्या, "या चौदा पोरींसाठी बसून राहशील तर बी.ए. कशाला झालीस?" फॉर्म ट्रंकेत ठेवला, साड्यांखाली. भोपाळला मोठा तलाव आहे म्हणे. तिथेही नावा असतील.

२५ ऑक्टो., गुरु.

आज सगळं उलटंपालटं झालं.

बाबा मशीनवर बसून म्हणाले, "यंदा घाटाच्या बंड्यांचं कापड काही आलं नाही." मी विचारलं, कसल्या बंड्या? तर म्हणाले, दर दिवाळीला नाईकबाबा आठ नावाड्यांच्या आठ बंड्या आपल्याकडून शिवून घेत. मापं बाबांना पाठ आहेत. दगडूचा उजवा खांदा रुंद, डाव्यापेक्षा बोटभर. "पाडव्याला आधी मालक बंडी देतो. मालकाची मिळाली की मग नावाडी लोकांची पोस्त घेतो. त्याआधी कोणाची घेत नाही." मग मशीन थांबवून म्हणाले, "तुझ्या पाटीने माझंही गिऱ्हाईक नेलं, बी.ए. बाई."

मी म्हटलं, पण बाबा, माणसाने हात पसरणं बरोबर आहे का?

आई आतून आली. कणकेचे हात तसेच. "कोणी हात पसरला? अगं सुमे, पोस्त म्हणजे भीक समजलीस तू?"

मग तिने सांगितलं ते लिहून ठेवते, कारण मला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं आणि मी या घरात वाढले.

ज्या घराची पोस्त नावाड्याने पाडव्याला घेतली, त्या घरासाठी तो वर्षभर बांधलेला. दिवस मावळल्यावरही, पुरातही. त्या घराचं कोणी पैलतीरी अडकलं तर न विचारता नाव सोडायची. म्हणून नावाडी वाटेल त्याची पोस्त घेत नाही. झेपतील तेवढीच घरं. दगडूकाकांची नऊ आहेत, त्यात आपलं एक. लालाला ते हात भरले म्हणाले ते याच अर्थाने.

"आणि तुला ठाऊक आहे का," आई म्हणाली, "तू तीन वर्षांची होतीस. माझ्या माहेरी जैनाबादला आपण गेलो होतो, श्रावणात. तुझा घसा धरला, श्वास येईना. तापी दोन्ही काठ भरून. तुझ्या मामाने दिवेलागणीला काठावर कंदील हलवला फक्त. दगडू आला. तू पदराखाली होतीस. मी रडत होते तर म्हणाला, 'वहिनी, पोरीला आभाळ दाखव, पानी दाखवू नको.'"

मला एक जुनं स्वप्न आहे. आभाळ हलतंय, अगदी जवळून, करडं, आणि मी पाळण्यात. लहानपणापासून येतं. मी ते स्वप्नच समजत होते.

२६ ऑक्टो., शुक्र.

ठेकेदारांकडे गेले. घाटाच्या वरच्या अंगाला त्यांची खोली आहे. म्हटलं, पाटी काढा, माझी चूक झाली.

"बाईजी, तुमच्याच हाताने लिहिली ना? लोक खूश आहेत."

मी पोस्तीचा सगळा अर्थ सांगितला. ते लक्ष देऊन ऐकत होते, हे मान्य केलं पाहिजे. पण बंडीपाशी आले तेव्हा हसूच लागले. "मालकाने द्यायची? अहो, आमच्या गावी दिवाळीला नोकर मालकाला नजर, म्हणजे भेट देतो. नारळ, थोडी मिठाई, काहीतरी. मी तर वाट बघत होतो, आठ जणांतला कोणी नारळ घेऊन येतो का."

माणूस वाईट नाही. त्यांचा सण वेगळा, आपला वेगळा. दोघंही एकाच घाटावर उभे राहून एकमेकांनी आधी पुढे यावं म्हणून थांबलेत. आणि मध्ये माझी पाटी.

परतताना काकांना सांगितलं, "काका, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? पगार मिळतो हे खोटं थोडंच हाय." आणि नाव सोडली.

म्हणजे आता आमचं घर त्यांच्या नऊ घरांत राहील की नाही, हे त्यांनाच विचारायची हिंमत झाली नाही. पाटीप्रमाणे यंदा ते कोणाचीच पोस्त घेणार नाहीत. पाडव्यानंतर रात्री-पुरात कोणाही घराला नाव नाही. हे मी केलं.

२७ ऑक्टो., शनि.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मुलींनी फळ्यावर पणत्या काढल्या. गंगू नावाची मुलगी पणतीखाली स्वतःचं नाव लिहून गेली, पहिल्यांदा, न विचारता. मी ते पुसलं नाही. सुट्टीभर राहू दे.

साडेपाचच्या शेवटच्या नावेत बसले आणि घाटावर येऊन थांबले, कारण तिथे गंमत चालली होती. ठेकेदारांच्या आई देवदर्शनाला जैनाबादला गेल्या होत्या, त्यांना उशीर झाला. सूर्य बुडाला आणि आठही नावाड्यांनी नावा बांधल्या. म्हातारी पलीकडच्या काठावर उभी, हात हलवतेय. पांढरं लुगडं तेवढं दिसत होतं, बगळ्यासारखं.

ठेकेदार ओरडले, "अरे, माँ आहे माझी!"

हिरामण फार आदराने म्हणाला, "सेठ, पगार दिवसाचा हाय. पाटी वाचा."

"मी सांगतोय ना, सोडा नाव!"

दगडूकाका चिलीम भरत होते. म्हणाले, "तुमच्या घराची पोस्त कोनाकडे हाय, सेठ? ज्याच्याकडे असेल तो जाईल."

कोणाकडेच नव्हती. ठेकेदार माझ्याकडे पाहायला लागले. मी खाली पाहिलं. शेवटी पलीकडे माझ्या मामांचा कंदील दिसला, म्हातारी त्यांच्यामागे गेल्या. मामी आता त्यांना कढी-खिचडी वाढत असतील.

२८ ऑक्टो., रवि.

सकाळीच ठेकेदार आमच्या दुकानात. आमच्या इतवारा मोहल्ल्यात विचारत विचारत आले. बाबांना म्हणाले, "दर्जीसाहेब, ही पोस्तीची भानगड मला नीट समजवा."

बाबांनी स्टूल दिलं. चहा आला.

"आठ बंड्या. मांजरपाट. कापड आज मिळालं तर पाडव्यापर्यंत होतील."

"ठीक. मुनीमाच्या हाती पाठवतो."

"मुनीम चालत नाही. मालकाने स्वतः."

"ठीक. येतो घाटावर."

"घाटावर नव्हे, पाण्यात." बाबा टेप गळ्यात तसाच ठेवून बोलत होते. "मालक पाण्यात उभा राहतो, घोट्याइतक्या. नावाडी नावेत बसलेला असतो. तो उठत नाही. मालक खालून वर बंडी देतो."

ठेकेदारांचा कप हातातच राहिला. "मी खाली? आणि तो वर बसलेला?"

"वर्षातून एकदा. नाईकबाबा म्हणायचे, बाकीचे दिवस तोच आपल्याला पाण्याच्या वर ठेवतो."

मला वाटलं आता उठून जातील. ते उठलेच. दारातून म्हणाले, "कापड पाठवतो. पाण्याचं बघू."

बाबा म्हणाले, "या माणसाला दर गोष्ट बघायची असते."

३० ऑक्टो., मंगळ.

मशीन थांबत नाही. मी काजं करते. दगडूकाकांच्या बंडीचा उजवा खांदा बाबांनी मला दाखवला. खरंच बोटभर जास्त. एवढी वर्षं एकाच बाजूने वल्हं मारून शरीरच तसं झालंय. हाताने ती शिवण चाचपली आणि का कोण जाणे, मन भरून आलं.

बाबांनी विचारलं, "भोपाळचा फॉर्म भरलास?" म्हटलं, भरते. "तुझ्या नावापुढे बी.ए. लावून मी सगळ्या इतवाऱ्याला सांगितलंय. शाळामास्तरीण तर सातवी झालेलीही होते." बोलले आणि लगेच माझ्यापुढे शेवेची वाटी सरकवली.

१ नोव्हेंबर, गुरु.

नरक चतुर्दशी. आणि नवं राज्य. काल निजले ते एका राज्यात, पहाटे आईने उटणं लावलं ते दुसऱ्यात. अंगावरून पाणी वाहत होतं तेव्हा वाटलं, जुनं राज्य असंच मोरीतून वाहून गेलं, कोणाला आवाजही आला नाही. कुसुम माझी नागपूरची मैत्रीण, वसतिगृहात एकाच खोलीत होतो. आजपासून ती परराज्यात. पत्र तेवढ्याच दिवसांत जाईल ना?

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. सुट्टीत घाटावर कोणी नव्हतं, फक्त काका. पिंपळाला पाटी नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं. पायरीपासून नावेपर्यंत चढायला फळी टाकलेली होती. तीच ती. अक्षरं खाली.

"ठेकेदारांनी काढून दिली," काका म्हणाले. "लाकूड चांगलं हाय. पाय ठेवा, बाई, सरकत नही."

मी माझ्या अक्षरांवरून चालत नावेत चढले.

काकांनी आज पहिल्यांदा आपणहून बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "पण काका, पगार वाढायलाच हवा."

"हवाच ना. पगार वेगळा, पोस्त वेगळी. पगारासाठी पन लिहा एक पाटी. ती मी स्वतः ठोकतो."

किती दिवसांनी हसलो दोघं. शाळेत गोड म्हणून रव्याचा दराबा वाटला. मुलींनी विचारलं, बाई, आता आपण कुठे राहतो? मी म्हटलं, जैनाबादला. त्यांना ते पटलं.

३ नोव्हें., शनि.

पाडवा. सकाळपासून घाट भरलेला. तिन्ही नावांना कुंकू, झेंडू, पुढच्या टोकाला केळीची पानं. आठ नावाडी आपापल्या जागी नावेत बसलेले, धुतलेली धोतरं, अंगात काही नाही. उन्हात पाणी असं चकाकत होतं की नावा हवेत आहेत असं वाटावं.

ठेकेदार आले. नवे बूट. मागे मुनीम, डोक्यावर बंड्यांचं गाठोडं. त्यांच्या आई वरच्या पायरीवर. ठेकेदार शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबले आणि तिथूनच बंडी पुढे केली.

दगडूकाका समोर, तीन हात अंतरावर. हात पुढे केला नाही. रागावले नव्हते. नुसते बसून होते, जसं आपण नावेची वाट पाहत बसतो.

ठेकेदार आणखी वाकले. पोचेना. मला बोलायचं होतं, काहीतरी फार चांगलं वाक्य तयारही होतं. बाबांनी माझा हात दाबला.

मग वरून म्हातारीचा आवाज आला. "उतर जा बेटा! पाँव ही तो भीगेंगे. नाही उतरलास तर आणायला कोणी येत नाही, ते मी बघितलं!"

घाट हसला. ठेकेदारही. त्यांनी पायरीवर बसून बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटांत कोंबले, धोतर वर धरलं आणि उतरले. गार पाण्याने एकदम "अरे राम" म्हणाले. घोटे बुडाले. दोन्ही हातांनी बंडी वर धरली.

काकांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि तिथेच अंगात घातली. खांदा बरोबर बसला. बाबा हळूच "हं" म्हणाले.

"बसा ना मालक, पाय पुसा," काका म्हणाले. इतके दिवस सगळे नावाडी त्यांना ठेकेदार किंवा सेठ म्हणत. मालक आज पहिल्यांदा.

उरलेल्या सात बंड्या दिल्या गेल्या, मग घरोघरची माणसं पुढे आली. बाबांनी रुपया आणि करंज्या दिल्या, काकांनी घेतल्या. आईने डोळे पुसले. ठेकेदारांच्या घराची पोस्त हिरामणने घेतली. म्हातारीला म्हणाला, "पन आजी, दर्शन लवकर आटपत जा."

४ नोव्हें., रवि.

भाऊबीज. मला सख्खा भाऊ नाही.

खूप दिवसांपासून मनात होतं, ते आज केलं. माझ्या पगारातला एक रुपया, नवा, वेगळा काढून ठेवलेला. कागदात दराबा. एकटीच घाटावर गेले. काका नाव कोरडी करत होते.

"काका, ही माझी पोस्त."

"कालच दिली ना तुमच्या बाबांनी."

"ती घराची. ही माझी. मी कमावते. रोज मी जाते तुमच्या नावेतून."

ते हातातलं फडकं पिळत राहिले. दराबा घेतला, एक घास तोंडात टाकला. रुपयाकडे पाहिलं नाही.

"बाई, पोस्त घराची घेतात. एकट्या मानसाची आजपर्यंत घेतली नही."

"बाईमाणसाची म्हणून?"

"नही, नही. मानसाचीच." मग फडकं नावेच्या कडेवर टाकत म्हणाले, "घर कुठं जात नही. उंबरा तिथंच राहतो. मानूस जातो. उद्या तुम्ही भोपाळला गेल्या, तर मी नाव कुठं सोडू? तिकडं तापी नही."

फॉर्मचं त्यांना कोणी सांगितलं? बाबांनीच. साऱ्या इतवाऱ्याला सांगतात.

"सांगा, राहनार का इथं? सालभर तरी? तर घेतो. तुम्ही पैलतीरी असल्या अन् पूर आला, तर येतो. खोटं बोलून घेनार नही."

मला लगेच 'हो' म्हणता आलं असतं. तो इतका खरा माणूस समोर होता की तोंडातून निघालं नाही.

रुपया परत घेऊन आले.

७ नोव्हें., बुध.

फॉर्म तीनदा काढला. एक रकाना आहे: 'कायमचा पत्ता'. त्याच्याशी येऊन थांबते.

दुपारी गच्चीवर पडले होते. डोळा लागला. तेच स्वप्न, हलणारं आभाळ. यावेळी मी मोठी होते आणि पदर माझाच होता, त्याखाली कोण होतं ते दिसलं नाही. शाळेतल्या पणतीखाली गंगूने लिहिलेलं नाव दिसलं. जागी झाले तेव्हा खाली बाबांचं मशीन चालू होतं आणि ते वल्ह्यासारखं वाटलं.

भोपाळला गेले तर शंभर कचेऱ्यांत शंभर मुलींसाठी काही करता येईल. इथे चौदा. कॉलेजात मी वादविवादात म्हणायचे की मोठ्या कामासाठी छोटं सोडावं. आता मोठं कोणतं हेच कळेना.

आई काही बोलत नाही. फक्त म्हणाली, "जायचं तर जा, पण दगडूला पुढच्या पाडव्याआधी कळव. तू नसलीस तर त्याचं एक घर मोकळं होतं."

"घर तर तुमचं आहे, आई."

"हो का," म्हणाली, आणि अनारशांचा डबा बंद केला.

१२ नोव्हें., सोम.

हे शाळेत लिहिते आहे, मधल्या सुट्टीत. मुली चिंचेखाली खेळताहेत. बाराच आल्या, दोघी फोपनारला, आत्याकडे. येतील.

सकाळी पुन्हा धुकं. सातची नाव. नावेत चार माणसं. फॉर्म पिशवीत, अजून कोरा. रुपया पदराच्या गाठीत.

काठ सुटायच्या आधी मी गाठ सोडली आणि रुपया नावेच्या पुढच्या टोकाला, फळीवर ठेवला. कुंकू अजून होतं तिथे. काकांना म्हटलं, "मला अजून सांगता येत नाही. पण परतही नेववत नाही."

वाटलं, उचलून हातात देतील. त्यांनी बांबू रोवून नाव लोटली. म्हणाले, "असू द्या तिथं. पडला तर तापीमाईचा. राहिला तर बघू."

पुढे काही दिसत नव्हतं, त्यामुळे मी त्या रुपयाकडेच पाहत होते. मधल्या धारेला नाव नेहमीसारखी तिरपी झाली. रुपया सरकला. फळीच्या कडेपर्यंत गेला. माझा हात आपोआप पुढे झाला. काका मागून म्हणाले, "हात लावू नका, बाई." हात मागे घेतला. नाव सरळ झाली. रुपया कडेवर, अर्धा बाहेर.

जैनाबादचा काठ लागला. रुपया तिथेच होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. केळीवाल्या उतरल्या, मग मी.

घंटा झाली. मुली येताहेत, गंगू सगळ्यात पुढे. फॉर्म टेबलावर ठेवलाय, वारा येतो म्हणून त्यावर डस्टर.

साडेपाचला परतीची नाव. दगडूकाकांचीच.